डेडिकेटेड सर्व्हर: मॅनेज्ड घ्यावा की अनमॅनेज्ड? ठाणे-नवी मुंबईतल्या व्यवसायांचे नेहमीचे प्रश्न

वागळे इस्टेटमधले कारखानदार, वाशी मार्केटमधले व्यापारी, नौपाड्यातले क्लासवाले, ऐरोलीतल्या दहा-पंधरा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्या, सगळ्यांकडून आम्हाला साधारण हेच प्रश्न येतात. आमचं काम सर्व्हर सांभाळण्याचं, त्यामुळे मॅनेज्डकडे आमचा कल असणार हे धरूनच वाचा. तरीही बऱ्याच जणांना आम्ही अनमॅनेज्ड घ्या म्हणतो, आणि काहींना तर डेडिकेटेड सर्व्हरच नको म्हणतो.

मला मुळात डेडिकेटेड सर्व्हर लागतो का?

बहुतेक वेळा नाही. कंपनीची वेबसाइट, दिवसाला शे-दोनशे ऑर्डर घेणारं दुकान, छोटं अॅप, हे चांगल्या व्हीपीएसवर (मोठ्या मशीनमधला आपल्यापुरता वेगळा केलेला हिस्सा) आरामात चालतं. निकालाच्या दिवशी किंवा दिवाळीच्या सेलपुरताच लोड वाढत असेल, तर क्लाउड परवडतो, काम झालं की कमी करता येतो.

डेडिकेटेडमध्ये अख्खं मशीन तुमचं. प्रोसेसर, रॅम, डिस्क, काहीच वाटून घ्यायचं नाही. लोड दिवसभर सारखाच जड असेल, डेटाबेस मोठा असेल, ईआरपीवर (खरेदी, विक्री, हिशेब एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) शंभरेक माणसं एकाच वेळी बसत असतील, किंवा तुमच्या मोठ्या ग्राहकाने करारातच वेगळ्या मशीनची अट घातली असेल, तर हा खर्च योग्य ठरतो.

मॅनेज्ड आणि अनमॅनेज्डमध्ये फरक नेमका कुठे पडतो?

मशीन, वीज, एसी, नेटवर्क आणि बिघडलेला पार्ट बदलून देणं दोन्हींत पुरवठादाराकडेच असतं. अनमॅनेज्ड घेतला तर डिस्क आपल्याला बदलावी लागेल, असा एक गैरसमज आहे. तसं नाही. डिस्क तेच बदलतात. ती गेली आहे हे ओळखून तिकीट, म्हणजे तक्रार, टाकायचं काम मात्र तुमचं. ऑपरेटिंग सिस्टिम टाकून, आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड तुमच्या हातात दिला की त्यांचं काम संपलं.

मॅनेज्डमध्ये सिस्टिमचे अपडेट, फायरवॉल, मॉनिटरिंग, बॅकअप, वेब सर्व्हर आणि डेटाबेस चालू ठेवणं, हे सगळं किंवा यातलं काही त्यांच्याकडे जातं. घोळ होतो तो या 'काही'मध्ये. सोसायटीच्या लिफ्टचं एएमसी ठरवताना कमिटीतले एखादे काका दोर आणि मोटर कशात धरलेत ते बारीक अक्षरात शोधत बसतात ना, तसं इथे कुणीतरी बसायला हवं. कारण मॅनेज्ड सेवेत काय यावं याचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही, प्रत्येक पुरवठादाराची यादी वेगळी असते.

मॅनेज्ड घेतला म्हणजे सगळं तेच बघणार ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त भांडणं याच गृहीतकातून होतात.

मॉनिटरिंगपासून सुरुवात करू. पुष्कळ ठिकाणी मॉनिटरिंग म्हणजे सर्व्हरला पिंग करून तो उत्तर देतो का एवढंच पाहणं. सर्व्हर उत्तर देत असतो, पण वेबसाइट उघडली की पांढरं पान दिसतं, कारण डेटाबेस बंद पडलेला असतो किंवा डिस्क शंभर टक्के भरलेली असते. त्यांच्या पडद्यावर सगळं हिरवं. म्हणून विचारायचं: तुम्ही नेमकं काय तपासता? लॉगिनचं पान उघडून पाहता का? डिस्क किती भरली की तुम्हाला कळतं? आणि कळल्यावर तुम्ही स्वतःहून हात घालता, की आम्हाला मेल पाठवून मोकळे होता?

अपडेटचं पुढचं. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट केला की बहुतेकदा सर्व्हर रीबूट करावा लागतो. ती वेळ कोण ठरवणार? तुमचं गोदाम पहाटे चारला डिस्पॅच सुरू करत असेल आणि त्यांची ठरलेली वेळ नेमकी पहाटे चारची असेल, तर एक दिवस गाड्या गेटवर उभ्या राहतील. हे आधी सांगून करारात लिहून घ्यावं लागतं. मागाहून कुणी ऐकत नाही.

बॅकअप असतो, पण तो कुठे असतो? त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर असेल तर त्याला बॅकअप म्हणू नका. किती दिवसांचा ठेवतात, डेटाबेस चालू असताना तो नीट उतरतो का, आणि परत चढवून पाहण्याची चाचणी कोण करतो? रिस्टोअर करायला वेगळे पैसे लागतील, असं कोटेशनच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असू शकतं.

आणि अॅप्लिकेशन. इथे जवळजवळ प्रत्येक मॅनेज्ड सेवेची हद्द संपते. वर्डप्रेसचं प्लगइन जुनं होतं म्हणून साइट हॅक झाली, पीएचपीचं व्हर्जन वाढवल्यावर तुमचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर चालेना, एखादी क्वेरी वीस सेकंद घेते आहे, हे त्यांच्या दृष्टीने 'डेव्हलपरचं काम'. डेव्हलपर म्हणणार सर्व्हर स्लो आहे. तुम्ही मध्ये. या तिढ्यातून सुटायचा एकच मार्ग आम्हाला माहीत आहे: सही करण्याआधी चार-पाच खरे प्रसंग लिहून पाठवायचे आणि प्रत्येकासमोर 'कोण करणार' हे लिहून मागायचं. जो पुरवठादार त्यातल्या दोन प्रसंगांसमोर सरळ 'आम्ही करणार नाही' लिहितो, त्याच्यावर आमचा जास्त विश्वास बसतो.

अनमॅनेज्ड घेतला तर नेमकी कामं काय पडतात?

पहिल्या दिवशीची कामं ठरलेली आहेत. रूटने थेट लॉगिन बंद करायचं, पासवर्डऐवजी की (किल्लीची फाइल) वापरून एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) चालू ठेवायचं, फायरवॉलमध्ये लागतील तेवढीच पोर्ट उघडायची, सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी सोय करायची, घड्याळ एनटीपीला (इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेला) जोडायचं. यात दिरंगाई चालत नाही. इंटरनेटवर नवा आयपी दिसला की पासवर्ड ओळखून पाहणारे बॉट लगेच येऊन धडकतात. लॉग उघडून पाहिलात तर रूट, अॅडमिन, टेस्ट अशा नावांनी दार ठोठावणं अखंड चालू असतं. त्याला घाबरायचं कारण नाही, पासवर्ड मात्र 'कंपनीचं नाव आणि १२३' असा नको.

बहुतेक सर्व्हरला आयपीएमआय, आयड्रॅक किंवा आयएलओ अशी वेगळी रिमोट कन्सोलची सोय असते. सिस्टिम बूट होत नसेल तरी तिच्यातून स्क्रीन दिसते. ही सोय आपल्या प्लॅनमध्ये आहे का, आणि तिचा पासवर्ड चालतो का, हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा. ती उघड्या इंटरनेटवर मात्र ठेवू नका, व्हीपीएनच्या (खाजगी, कुलूपबंद जोडणीच्या) आड ठेवा.

मग नेहमीची कामं सुरू होतात, आणि माणसं कंटाळतात ती इथे. रेड १ मध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात. एक गेली तरी सर्व्हर चालूच राहतो, काहीही जाणवत नाही. इतकं जाणवत नाही, की कुणी बघत नसेल तर गेलेली डिस्क कित्येक महिने तशीच राहते आणि दुसरी गेली की मग कळतं. त्यामुळे रेडची आणि डिस्कच्या तब्येतीची सूचना मेलवर, शक्य असेल तर मोबाइलवर यायला हवी. शिवाय रेड हा बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

वेबसाइटची जोडणी सुरक्षित करणारी लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात. ती आपोआप नवी होतात, पण तो आपोआपपणा मध्येच बंद पडला तर ब्राउझर ग्राहकांना लाल इशारा दाखवायला लागतो. लॉग फाइली डिस्क भरतात. सर्व्हरवरून मेल पाठवत असाल तर आयपी काळ्या यादीत गेला की बिलं ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडू लागतात.

आणि अचानक येणारी कामं वेगळी. १ जुलै २०२४ ला, सोमवारी, ओपनएसएसएचमधली 'रिग्रेशन' नावाने ओळखली जाणारी त्रुटी जाहीर झाली. ज्या दारातून आपण सर्व्हरमध्ये शिरतो त्याच दारात फट होती. ज्यांच्याकडे अपडेट आपोआप बसत होते त्यांचं काम निभावलं. बाकीच्यांना त्याच आठवड्यात सर्व्हरला हात लावणं भाग होतं. तुमच्या ऑफिसात ती बातमी तेव्हा कुणाला कळली होती, एवढं आठवून पाहा. कुणालाच नसेल, तर या पानावरच्या मूळ प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं.

आमच्याकडे एक आयटी बघणारा मुलगा आहे. तो सांभाळेल ना?

तो हुशार असेल, पण तो एक आहे.

गणपतीत अर्धं ठाणे कोकणात जातं. तोही जाणार, आणि जायलाच हवं. गाडी बोगद्यात असताना किंवा वाडीत एक काडी रेंज असताना एसएसएच करून डेटाबेस उभा करणं ही शिक्षा आहे. आजारपण, लग्न, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नोकरी बदलणं. ठाणे-बेलापूर रोडवर दुतर्फा आयटी कंपन्या आहेत, चांगला सर्व्हर अॅडमिन घडला की त्याला दुसरीकडून बोलावणं येतंच.

म्हणून आमचा साधा निकष: सर्व्हरमध्ये हात घालू शकणारी निदान दोन माणसं असतील आणि सगळी मांडणी कुठेतरी लिहून ठेवलेली असेल, तर अनमॅनेज्ड खुशाल घ्या. एकच माणूस असेल तर मॅनेज्ड घ्या आणि त्या मुलाला अॅप्लिकेशनच्या कामाला लावा. त्यालाही ते जास्त आवडेल. रात्री दोनचा फोन एकाच माणसाला जात असेल, तर पगार वाढवूनही तो फार दिवस टिकत नाही.

खर्चात किती फरक पडतो? अनमॅनेज्ड स्वस्त पडतो ना?

वरवर पाहता हो. हिशेबाची रीत कळावी म्हणून आकडे धरू, हे कुणाचे दर नव्हेत. समजा अनमॅनेज्ड महिना १२,००० रुपयांना आणि तसाच मॅनेज्ड २२,००० ला मिळतोय. फरक १०,००० चा. सर्व्हरचं काम आठवड्याला तीन तास, म्हणजे महिन्याला साधारण १२ तास. ते करणाऱ्याचा पगार ६०,००० आणि महिन्याचे १८० तास धरले, तर तासाला ३३३ रुपये, म्हणजे कामाचे झाले ४,००० च्या आसपास. अनमॅनेज्ड अजून सहा हजारांनी स्वस्त.

आता मॅनेज्डमध्ये जे धरलेलं असतं ते इकडे जोडा: दुसऱ्या ठिकाणची बॅकअपची जागा, कंट्रोल पॅनेलचं (सर्व्हर बटणांनी चालवायच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स, मॉनिटरिंगची सेवा. सीपॅनेल या पॅनेलने २०१९ मध्ये दर खात्यांच्या संख्येवर नेले, त्यामुळे एका सर्व्हरवर पुष्कळ ग्राहकांच्या साइट ठेवणाऱ्यांना ते चांगलंच जाणवतं. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर जातं आणि एका मशीनला किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं, तुमच्या प्रोसेसरला आठच असले तरी. हे सगळं मिळवलं की सहा हजारांचा फरक बराच आटतो.

एकाच सर्व्हरच्या बाबतीत आमच्या मते पैशांवरून निर्णय घेण्यात अर्थ नाही, फरक तेवढा राहत नाही. पाच-सात सर्व्हर असतील तर चित्र उलटं होतं. पाच सर्व्हरना पाचपट काम लागत नाही, एकदा अॅन्सिबलसारख्या साधनाने मांडणी बसवली की सगळीकडे तेच चालतं. मॅनेज्डचं बिल मात्र प्रत्येक सर्व्हरमागे लागत राहतं. तेव्हा स्वतःची माणसं ठेवणं आणि अनमॅनेज्ड घेणं सरळ फायद्याचं.

जीएसटी १८ टक्के दोन्हींवर. नोंदणीकृत असाल तर इनपुट क्रेडिट मिळतं. परदेशी पुरवठादाराकडून घेतलात तर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो, हे तुमच्या सीएंच्या कानावर घाला. आणि युरो-डॉलर वर गेला की बिलही वर जातं.

जर्मनीतला सर्व्हर फार स्वस्त मिळतोय. नवी मुंबईतलाच कशाला घ्यायचा?

महापे, रबाळे, ऐरोली, घणसोली, तिकडे पनवेल, या पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर आहेत. समुद्राखालच्या केबल मुंबईत वर येतात, एमआयडीसीची जागा आणि वीज इकडे मिळाली, म्हणून हा पसारा इथे वाढला. ठाण्यातल्या ऑफिसातून इथल्या सर्व्हरला जाऊन यायला काही मिलिसेकंद लागतात, युरोपला शंभराच्या वर. वेबसाइटला ते खपून जातं. ईआरपीच्या एका स्क्रीनसाठी डेटाबेसला पन्नास फेऱ्या होत असतील, तर तोच उशीर पन्नासपट होऊन समोर येतो आणि अकाउंट्समधल्या ताई कंटाळून उठतात.

कायद्याचीही एक बाब आहे. कंपनी म्हणून नोंदणी असेल आणि हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील, तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. मूळ सर्व्हर बाहेर ठेवता येतो, हा बॅकअप मात्र इथे हवा.

बाकी सार्वजनिक, हलकी, फक्त वाचायची साइट असेल तर जर्मनीतला घ्या, आमची काही हरकत नाही. फक्त अडचण आली की तिकीट इंग्रजीत टाकायचं आणि तिथली रात्र असेल तर वाट पाहायची तयारी ठेवा.

डेटा सेंटर घरापासून वीस मिनिटांवर आहे. अडलं तर जाऊन बघता येईल ना?

भाड्याच्या सर्व्हरजवळ तुम्हाला कुणी जाऊ देणार नाही. स्वतःचं मशीन विकत घेऊन तिथे ठेवणं, म्हणजे कोलोकेशन, वेगळं. त्यात आधी परवानगी घेऊन, ओळखपत्र दाखवून जाता येतं. भाड्याच्या सर्व्हरसाठी तुमचं जाणं म्हणजे रिमोट कन्सोल. आमच्याकडे येणाऱ्यांना याची फार निराशा होते.

त्याहून कामाचा प्रश्न असा: ज्याच्याकडून घेताय त्याचं मशीन स्वतःचं आहे, की तोही दुसऱ्याकडून घेऊन पुढे देतोय? रिसेलर वाईटच असतो असं नाही. पण मध्ये दोन हात असले की डिस्क बदलायचा निरोपही दोन हातांतून जातो. मॅनेज्डमध्ये हे जास्त बोचतं, कारण 'मॅनेज' करणारे एक आणि मशीनजवळ उभे असणारे दुसरेच असतात.

ऑफिस ठाण्यात, सर्व्हर महापेला, बॅकअप रबाळ्याला. बरोबर ना?

बॅकअप लांब न्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, ते बहुतेकांना आठवत असेल. लोकल जागच्या जागी थांबल्या. चांगली डेटा सेंटर अशा वेळी यूपीएस आणि डिझेल जनरेटरवर चालू राहतात, त्यासाठीच तर आपण पैसे मोजतो. पण एका पट्ट्यावर संकट आलं तर ते तिन्ही ठिकाणी एकदम येतं, हे त्या दिवशी दिसलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही गाव म्हणून आपण सगळे एकत्रच अडकलो होतो.

आग तर कुठेही लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीचं एक डेटा सेंटर अख्खं जळालं. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या गावी होता ते सावरले, ज्यांचा नव्हता त्यांचा डेटा गेला. तुमचा बॅकअप हैदराबादला, चेन्नईला, कुठेही ठेवा, फक्त खाडीच्या अल्याड-पल्याड नको. मॅनेज्डमध्ये बॅकअप 'समाविष्ट' असला तरी स्वतःच्या ताब्यातली एक प्रत वेगळ्या पुरवठादाराकडे असावी. पुरवठादाराशी बिलावरून वाद झाला आणि खातं बंद केलं गेलं, तर समाविष्ट बॅकअपही त्यांच्याकडेच अडकतो.

९९.९ टक्के अपटाइमची हमी आहे. मग काळजी कशाची?

गणित करा. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद राहिला तरी हमी पाळली गेली. ९९.९९ असेल तर सव्वाचार मिनिटं. शिवाय ही हमी बहुतेकदा वीज आणि नेटवर्कपुरती असते. डेटाबेस कोसळून तुमचं काम दिवसभर थांबलं, तर त्यांच्या हिशेबी अपटाइम शंभर टक्के. आणि हमी मोडली तरी मिळतं ते त्या महिन्याच्या भाड्यातली सूट, तुमच्या बुडालेल्या ऑर्डरी नाहीत.

मॅनेज्ड घेताना अपटाइमपेक्षा प्रतिसादाची वेळ वाचा. त्यातही 'आम्ही पंधरा मिनिटांत उत्तर देऊ' आणि 'चार तासांत सोडवू' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य 'आपलं तिकीट मिळालं, धन्यवाद' एवढ्या मेलनेही खरं ठरतं.

आमचं टॅली रिमोट डेस्कटॉपवर चालतं. आम्ही काय घ्यावं?

सीए ऑफिसं आणि व्यापारी यांच्याकडे ही मांडणी सर्रास दिसते. विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली, आणि दहा-बारा माणसं रिमोट डेस्कटॉपने आत. विंडोजमध्ये मुळात दोनच रिमोट सत्रं मिळतात, तीही देखभालीसाठी. जास्त माणसांना प्रत्येकी वेगळं लायसन्स लागतं. चाचणीची १२० दिवसांची मुदत संपली की एका सकाळी कुणालाच आत जाता येत नाही, आणि तो दिवस नेमका रिटर्न भरण्याचा असतो. ही लायसन्सं मॅनेज्डच्या किमतीत धरली आहेत का, ते आधी विचारा.

दुसरं, ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. रॅन्समवेअर शिरायच्या ठरलेल्या वाटांपैकी ती एक आहे. व्हीपीएन घाला. हे दोन्ही स्वतः करता येत नसेल तर तुमच्यासाठी मॅनेज्ड, यावर आम्ही फार चर्चा करत नाही.

सीपॅनेल किंवा प्लेस्क असलं की सर्व्हर मॅनेज्डच झाला ना?

नाही. पॅनेलने बटणं मिळतात. ती कधी दाबायची आणि दाबल्यावर बिघडलं तर काय, हे तुमच्याकडेच राहतं.

सर्व्हर हॅक झाला तर कायद्याने जबाबदार कोण?

सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे निर्देश २८ एप्रिल २०२२ चे आहेत. त्यांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, सिस्टिमचे लॉग १८० दिवस भारतात ठेवावे लागतात आणि घड्याळं ठरलेल्या एनटीपी सर्व्हरशी जुळवावी लागतात. हे डेटा सेंटर आणि सेवा पुरवठादारांना लागू आहे तसंच कंपन्यांनाही. अनमॅनेज्डमध्ये आत काय घडतंय ते पुरवठादाराला दिसतच नाही, तेव्हा लॉग तुम्हीच ठेवायचे आणि तुम्हीच कळवायचं. लिनक्सवर लॉग काही आठवड्यांनी आपोआप पुसले जाण्याची मांडणी मुळात असते. ती बदला, आणि लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवा. हॅकर आत आला की सगळ्यात आधी लॉगच पुसतो.

मॅनेज्डमध्येही तुमची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ग्राहकांचा डेटा ज्याने गोळा केला तोच उत्तरदायी आहे, प्रक्रिया करणारा कुणीही असो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. म्हणून हेही विचारा: रूटचा पासवर्ड तुमच्याकडच्या किती जणांकडे असतो? कोण कधी आत गेलं याची नोंद राहते का? काही मॅनेज्ड पुरवठादार रूट फक्त स्वतःकडे ठेवतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते योग्यच आहे, दोन ठिकाणांहून बदल झाले की चूक कुणाची ते कळत नाही. पण तुम्हाला ते चालणार आहे का, हे आधी ठरवा.

आमच्या सर्व्हरवर अजून सेंटओएस ७ (लिनक्सची एक जुनी आवृत्ती) आहे.

त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. मॅनेज्ड सेवेत असा सर्व्हर कुणी घ्यायला सहसा तयार होत नाही, आणि घेतला तर काय सांभाळणार ते नीट विचारा. नवा सर्व्हर घेऊन त्यावर अल्मालिनक्स, रॉकी, उबुंटू एलटीएस किंवा डेबियन टाका, जुना महिनाभर शेजारी चालू ठेवा आणि एक-एक करून सगळं हलवा. जागच्या जागी अपग्रेड करायचा मोह टाळलेला बरा. जुनं सॉफ्टवेअर नव्या पीएचपीवर चालणार नाही, हे डेव्हलपरला आधीच सांगून ठेवा.

मधला मार्ग काही आहे का?

आहे, आणि ठाण्यात पुष्कळ जण तोच धरतात: अनमॅनेज्ड सर्व्हर, आणि त्याची देखभाल बाहेरच्या माणसाला किंवा छोट्या फर्मला वार्षिक करारावर. स्वस्त पडतं, मराठीत फोन करता येतो. फक्त तीन पथ्यं पाळा. पुरवठादाराकडचं खातं आणि डोमेन तुमच्या कंपनीच्या मेलवर हवं, त्या माणसाच्या नाही. त्याला स्वतःचं वेगळं लॉगिन द्या, म्हणजे करार संपला की तेवढंच काढता येतं. आणि तो रजेवर असला की कोण, हे लिहून घ्या, नाहीतर वरचा गणपतीचा प्रश्न फक्त दुसऱ्याच्या घरी हलतो.

घेण्याआधी पुरवठादार कसा पारखायचा?

शनिवारी रात्री अकराला त्यांना एक तांत्रिक प्रश्न पाठवा. दर विचारू नका, दर विचारला की सेल्सवाला रात्रीही उत्तर देतो. 'रेडमधली एक डिस्क गेली तर तुम्हाला कसं कळतं आणि तुम्ही काय करता' असं काहीतरी विचारा. उत्तर कधी येतं यापेक्षा कोण देतो आणि काय देतो ते बघा. सर्व्हर मिळाल्यावर पहिल्या महिन्यात एक छोटा डेटाबेस मुद्दाम दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून मागा. जो आनंदाने करून देतो तो ठेवा. वर्षाचे पैसे एकदम भरण्याची सूट तोवर बाजूला राहू द्या.

अनमॅनेज्डवरून मॅनेज्डवर जाता येतं का? आणि उलट?

जाता येतं. मात्र मॅनेज्डवाले आधी तुमचा सर्व्हर तपासतात, आणि पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची अट घालतात, कारण आधी कुणी काय करून ठेवलंय याची जबाबदारी त्यांना नको असते. उलट जाताना पॅनेलचं लायसन्स, मॉनिटरिंग आणि बॅकअप करार संपल्याच्या दिवशी बंद होतात. तिन्हींची पर्यायी सोय आधी चालू करून मगच नोटीस द्या.

पुरवठादार बदलताना काय लक्षात ठेवायचं?

दोन-तीन दिवस आधी डीएनएसचा (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, पाच मिनिटांवर आणा, म्हणजे नवा आयपी सगळीकडे लवकर पोचतो. बँक, पेमेंट गेटवे, एसएमएसवाले, यांच्याकडे तुमचा जुना आयपी नोंदवलेला असेल. त्यांना बदलायला काही कामाचे दिवस लागतात, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी. जुना सर्व्हर परत करण्यापूर्वी डिस्क पूर्ण पुसा आणि पुरवठादाराकडून तसं मेलवर लिहून घ्या. जुन्या सर्व्हरवरची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामंही बंद करा, नाहीतर महिनाअखेरीस ग्राहकांना बिलं दोनदा जातील.